पॉलिमर क्लेमध्ये पांढरा चाफा: रंगछटा, केन आणि भाजणी यांची सविस्तर कृती

पॉलिमर क्लेचे फूल करायचे म्हटले की बहुतेक जण एकेक पाकळी चिमटीत चेपून उभे फूल घडवू लागतात. ती पद्धत चांगलीच आहे. परंतु या माध्यमाचा खरा कस दुसऱ्या एका पद्धतीत लागतो. त्या पद्धतीत फुलाचे चित्र रंगीत क्लेच्या जाड दांड्यात आरपार रचले जाते, मग तो दांडा दाबत आणि लांबवत बारीक केला जातो आणि शेवटी त्याच्या पातळ चकत्या कापल्या जातात. अळूवडीचा उंडा कापल्यावर प्रत्येक वडीत तेच वेटोळे दिसते, त्याप्रमाणे येथे प्रत्येक चकतीत तेच फूल उमटते. या दांड्याला केन म्हणतात आणि ही कल्पना व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील काचकारागिरांच्या जुन्या कामातून पॉलिमर क्लेमध्ये आली आहे. चित्र कुंचल्याने काढायचे नसल्यामुळे कोणता रंग कोठे फिका होईल, कोणती कड ठळक राहील आणि कोठे मोकळी जागा सोडायची हे सर्व निर्णय क्ले कच्ची असतानाच घ्यावे लागतात. मला या कामात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट, आणि पुढील कृतीही त्याच क्रमाने दिली आहे.

उदाहरणासाठी आपल्याकडे देवळांच्या आवारात हमखास दिसणारा पांढरा चाफा घेतला आहे. त्याला पाच पाकळ्या असतात, देठाकडचा पिवळा रंग हळूहळू पांढऱ्यात विरत जातो आणि प्रत्येक पाकळीची एक कड शेजारच्या पाकळीवर एकाच दिशेने झुकलेली असते. रंगछटांचा उतार, पांढऱ्याला उठाव देणारी कड आणि पाकळ्यांची फिरती रचना या केनकामातील तिन्ही मुख्य बाबी या एका फुलात शिकता येतात.

साहित्याची ओळख आणि निवड

पॉलिमर क्लेमध्ये माती नसते. पीव्हीसीची अतिसूक्ष्म भुकटी, तिला मऊ ठेवणारे प्लास्टिसायझर, रंगद्रव्ये आणि काही पूरक पदार्थ यांचे ते मिश्रण असते. उष्णता मिळाल्यावर भुकटीचे कण प्लास्टिसायझर शोषून फुगतात, एकमेकांत मिसळतात आणि थंड झाल्यावर एकसंध, किंचित लवचीक प्लास्टिक तयार होते. म्हणूनच ही क्ले हवेत सुकत नाही, पावसाळ्यातील दमटपणाने बिघडत नाही आणि भाजल्यावर फारशी आक्रसतही नाही. दुकानात एअर ड्राय क्ले, कोल्ड पोर्सिलेन आणि दोन भाग मिसळून कडक होणारी इपॉक्सी पुट्टी शेजारी शेजारी ठेवलेली असते, त्यामुळे पाकिटावर ओव्हनमध्ये भाजण्याचे तापमान छापलेले आहे ना, हे आधी पाहावे.

जर्मनीतील प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझे यांच्या कन्या फिफी रेबिंडर यांनी अशी क्ले विकसित केली आणि १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर या कंपनीने ती घेतली. तीच पुढे फिमो या नावाने जगभर गेली. अमेरिकेतील स्कल्पी आणि प्रीमो, तसेच बेल्जियममधील सर्निट हेही केनकाम करणाऱ्यांच्या ओळखीचे प्रकार आहेत. केनसाठी फार मऊ क्ले टाळावी, कारण दाबताना तिच्या रेषा फिसकटतात. फिमो प्रोफेशनल, प्रीमो किंवा काटो यांसारखी घट्ट क्ले घ्यावी आणि एका केनमध्ये एकाच प्रकारची क्ले वापरावी. निरनिराळ्या क्लेंचा कडकपणा आणि भाजण्याचे तापमान वेगळे असते, आणि रंग कितीही सुंदर जुळले तरी हा फरक झाकता येत नाही.

या केनसाठी ४५ ग्रॅम पांढरी, १५ ग्रॅम अर्धपारदर्शक, २० ते २२ ग्रॅम पिवळी आणि सुमारे ७५ ग्रॅम गडद हिरवी क्ले लागेल. कडेच्या रंगासाठी २५ ग्रॅम पांढरी आणि चिमूटभर तपकिरी वेगळी ठेवावी. लहान पाकीट साधारण ५७ ग्रॅमचे असते. अवजारांमध्ये पास्ता मशीन (दोन रुळांमधून हव्या त्या जाडीची पट्टी लाटणारे यंत्र), लांब आणि पातळ टिश्यू ब्लेड, ॲक्रिलिकचा रूळ, गुळगुळीत सिरॅमिक टाइल आणि ओव्हनचा स्वतंत्र थर्मामीटर एवढे पुरेसे आहे. स्वयंपाकघरातील पास्ता मशीन किंवा लाटणे एकदा या कामाला घेतले की ते पुन्हा अन्नासाठी वापरू नये.

मळणी आणि स्वच्छता

पाकिटातून काढलेली क्ले लगेच वापरली तर ती कडेला चिरते आणि भाजल्यावर ठिसूळ राहू शकते. तिचे पातळ काप करून हातात उबवावेत, मळावेत आणि पास्ता मशीनमधून दुमडून दुमडून १५ ते २० वेळा काढावेत. मशीनमध्ये घालताना दुमडलेली बाजू पुढे असावी, म्हणजे आतली हवा मागून बाहेर पडते; उघडी बाजू पुढे गेल्यास हवेचे बुडबुडे अडकतात आणि भाजताना फुगतात. पट्टी वाकवल्यावर कडेला भेग पडली नाही, की मळणी पूर्ण झाली असे समजावे.

पांढरी क्ले धागा, केस, धूळ आणि आधीच्या रंगाचा अंश तत्काळ टिपते. म्हणून आधी पांढरी, मग पिवळी आणि सर्वांत शेवटी हिरवी असा क्रम ठेवावा, प्रत्येक रंगानंतर हात, टाइल आणि मशीनचे रूळ ओल्या वाइपने पुसावेत आणि पांढऱ्याला हात लावण्यापूर्वी टाकाऊ पांढऱ्या क्लेचा गोळा तळहातावर फिरवून घ्यावा. लोकरी किंवा लव सुटणारे कपडे घालून हे काम करू नये.

पांढऱ्यात अर्धपारदर्शक क्ले मिसळण्याचे कारण असे की निव्वळ पांढरा रंग खडूसारखा मृत दिसतो, तर एक चतुर्थांश अर्धपारदर्शक मिसळल्यावर त्याला पाकळीचा मऊपणा येतो. मात्र अर्धपारदर्शक क्ले उष्णतेने लवकर पिवळट होते, त्यामुळे हे प्रमाण वाढवू नये.

पिवळ्यातून पांढऱ्याकडे

रंगांचा सलग उतार तयार करण्याची जी रीत आज सर्वत्र वापरली जाते, ती अमेरिकेतील ज्युडिथ स्किनर यांच्या नावाने स्किनर ब्लेंड म्हणून ओळखली जाते. तिचे तत्त्व साधे आहे: दोन रंग तिरक्या रेषेवर जोडून एकाच दिशेने वारंवार दुमडले आणि लाटले, की प्रत्येक उभ्या पट्ट्यात दोन्ही रंगांचे जे प्रमाण होते त्याच प्रमाणात ते मिसळतात. तिरकी रेषा कोठून कोठे जाते, यावर उतार किती लांब राहील हे ठरते.

चाफ्याचा पिवळा रंग पाकळीच्या निम्म्यापर्यंतही जाऊ नये, म्हणून येथे सरळ कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे दोन समान त्रिकोण घेऊ नयेत. पास्ता मशीनच्या सर्वांत जाड अंकावर, म्हणजे साधारण ३ मिमी जाडीच्या पट्ट्या लाटाव्यात. पिवळ्या पट्टीतून १० सेंमी उंच, वरच्या बाजूला १ सेंमी आणि खालच्या बाजूला ७ सेंमी रुंद असा तुकडा कापावा. त्याची डावी कड सरळ उभी आणि उजवी तिरकी असेल. पांढऱ्या मिश्रणातून तेवढ्याच उंचीचा, वर १३ सेंमी आणि खाली ७ सेंमी रुंद असा तुकडा कापून तिरकी कड तिरक्या कडेला जोडावी. आता १४ सेंमी रुंदीचा पूर्ण आयत तयार होतो, ज्यात डावीकडील १ सेंमीत निव्वळ पिवळा आणि उजवीकडील ७ सेंमीत निव्वळ पांढरा रंग राहील, आणि सारा उतार मधल्या ६ सेंमीत घडेल.

हा आयत नेहमी खालची कड वरच्या कडेवर आणून दुमडावा, जेणेकरून पिवळ्यावर पिवळा आणि पांढऱ्यावर पांढरा येईल. घडी पुढे ठेवून तो मशीनमधून काढावा, पुन्हा तसाच दुमडावा आणि ही क्रिया २० ते २५ वेळा करावी. पहिल्या सात-आठ वेळा केवळ पट्टे दिसतात आणि काम बिघडले असे वाटू लागते. तरीही दुमडण्याची दिशा बदलू नये, कारण एकदाही आडवी घडी पडली तर पिवळा पांढऱ्यावर चढतो आणि उतार कायमचा मोडतो. पट्टी बाजूंना पसरू लागली तर तिच्या कडा बोटांनी आत दाबून रुंदी १४ सेंमीच्या आसपास ठेवावी.

उतार गुळगुळीत झाल्यावर पट्टी शेवटची एकदा दुमडावी, म्हणजे ती १४ सेंमी लांब आणि सुमारे ५ सेंमी रुंद राहील. आता मात्र ती फिरवून पिवळे टोक पुढे घालावे आणि मशीनचा अंक टप्प्याटप्प्याने कमी करत पट्टी सुमारे दीड मिमी जाडीची होईपर्यंत लांबवावी. साधारण ४५ सेंमी लांबीची फीत मिळते, जिच्या एका टोकाला पिवळा आणि दुसऱ्या टोकाला पांढरा असतो. पिवळ्या टोकापासून सुरुवात करून तिच्या अडीच सेंमी रुंदीच्या पुढेमागे घड्या घालत जाव्यात. शेवटी सुमारे ६ सेंमी लांब, अडीच सेंमी रुंद आणि जवळजवळ ३ सेंमी उंच ठोकळा उभा राहतो, ज्याच्या तळाशी पिवळा आणि माथ्यावर पांढरा रंग असतो. घड्यांमधील हवा जाण्यासाठी तो सर्व बाजूंनी हळूहळू दाबावा आणि ब्लेडने एक टोक सपाट कापून आतला उतार तपासावा.

पांढऱ्याला कड

पांढऱ्याशेजारी पांढरे ठेवले तर पाच पाकळ्यांचा एकच डाग दिसतो, आणि चाफ्याचे बहुतेक केन येथेच फसतात. काळी रेषा हा सोपा उपाय वाटतो; परंतु तिच्यामुळे फूल छापील स्टिकरसारखे दिसते, म्हणून मी तिचा आग्रहाने विरोध करते. वेगळ्या ठेवलेल्या पांढऱ्या क्लेत थोडी हिरवी आणि कणभर तपकिरी मिसळून राखाडी-हिरवट छटा करावी. खऱ्या पाकळीवर पडणारी सावली या छटेच्या बरीच जवळ असते.

ठोकळ्याचा पिवळा तळ चिमटत त्याला थेंबाचा आकार द्यावा, टोकाला पिवळा आणि गोलाईला पांढरा. मग एका बाजूने हलका बाक द्यावा, म्हणजे थेंब सरळ न राहता एकीकडे झुकेल. बाहेरच्या, फुगीर बाजूला राखाडी-हिरवट पट्टी १ मिमी जाडीची आणि आतल्या बाजूला त्याच्या निम्म्या जाडीची लावावी. ही जाडी पुढे आकाराच्या प्रमाणात कमी होते: पाकळी निम्म्या रुंदीची झाली की १ मिमीची रेषा अर्ध्या मिमीवर येते आणि ४.५ सेंमीचे फूल २ सेंमीचे केले की ती पाव मिमीपेक्षाही बारीक होते. म्हणून सुरुवातीला रेषा जाड वाटली तरी ती पातळ करण्याचा मोह आवरावा.

आता हा दांडा मधोमध चेपत, दर वेळी थोडा फिरवत, थेंबाचा आकार सांभाळून सुमारे २७ सेंमी लांब करावा. दोन्ही टोके थोडी वेडीवाकडी होतात. ती कापून उरलेल्या २५ सेंमीचे ५ सेंमी लांबीचे पाच समान तुकडे करावेत.

पाच पाकळ्यांची जुळणी

पाचही तुकडे पिवळी टोके मध्यभागी आणून, सर्वांचा बाक एकाच दिशेला ठेवून उभे करावेत. प्रत्येक पाकळीची ठळक कड शेजारच्या पाकळीच्या पातळ कडेवर टेकली की चाफ्याची फिरती ठेवण आपोआप दिसू लागते. मध्ये पोकळी राहिली तर तेथे पिवळ्यात किंचित नारिंगी मिसळून केलेली अगदी बारीक वळी सरकवावी.

पाकळ्यांच्या टोकांमधील पाच खाचा गडद हिरव्या त्रिकोणी वळ्यांनी काठोकाठ भराव्यात आणि मग सर्व केनभोवती त्याच हिरव्याची ३ मिमी जाड पट्टी गुंडाळावी. भरण अपुरे पडले तर केन बारीक करताना पाकळ्या त्या पोकळीत पसरतात आणि फुलाचा आकार ओळखू येत नाही, त्यामुळे या टप्प्यावर घाई करू नये. पार्श्वभूमी निवडताना रंगापेक्षा गडद-फिकेपणातील अंतर महत्त्वाचे असते. मोबाइलवर छायाचित्र काढून ते कृष्णधवल करून पाहावे. त्यात फूल स्पष्ट उठले तर केन लहान झाल्यावरही उठेल. बाटलीसारखा हिरवा, वांगी किंवा गडद निळा यांवर पांढरा चाफा शोभतो, पण आकाशी किंवा गुलाबीवर तो हरवतो.

केन बारीक करणे

जुळवलेला केन काही तास, शक्यतो रात्रभर, तसाच ठेवावा. नुकत्याच मळलेल्या आणि आधी मळून ठेवलेल्या भागांचा मऊपणा वेगळा असतो आणि मऊ भाग दाबाखाली लवकर सरकतो. विश्रांतीनंतर सर्व भाग सारख्या तापमानाला येतात.

बारीक करताना केन टाइलवर गोल फिरवत बसू नये, कारण त्याने बाहेरचा थर पुढे सरकतो आणि आतले फूल मागे राहते. तो उभा धरून आधी मध्यभागी अंगठा आणि बोटांनी सर्व बाजूंनी दाबावा, डमरूसारखा आकार आला की दाब हळूहळू दोन्ही टोकांकडे न्यावा आणि तो सलग झाल्यानंतरच रूळ किंवा तळहाताने हलके फिरवून गोलाई द्यावी. सुमारे ४.५ सेंमी व्यासाचा केन २ सेंमीवर आणला की लांबी ५ सेंमीवरून जवळजवळ २५ सेंमी होते. सर्व केन एकाच मापाचा करू नये. एक तृतीयांश भाग २ सेंमीचा, एक तृतीयांश दीड सेंमीचा आणि उरलेला १ सेंमीचा ठेवला, तर पुढे मांडणी करताना फुलांत जवळ-दूरचा भास निर्माण करता येतो.

कापण्यापूर्वी केन फ्रिजमध्ये २० ते ३० मिनिटे ठेवावा. विदर्भातील किंवा मराठवाड्यातील उन्हाळ्यात तर हे टाळताच येत नाही. ब्लेड सरळ खाली न्यावे, प्रत्येक चकतीनंतर केन पाव फेरी फिरवावा आणि ब्लेड पुसून घ्यावे, नाहीतर हिरव्याची रेघ पांढऱ्यावर ओढली जाते. दागिन्यासाठी १ ते दीड मिमी जाडीची चकती योग्य असते.

मांडणी

येथून पुढे कारागिरीइतकीच दृष्टी लागते. एकसारखी फुले समान अंतरावर बसवली तर कापडावरच्या छपाईसारखा परिणाम मिळतो, आणि कधी कधी तोच हवाही असतो. परंतु झाडाखाली पडलेल्या चाफ्याची आठवण द्यायची असेल तर काही फुले पदकाच्या कडेने अर्धी कापली जावीत, दोन-तीन एकमेकांजवळ गोळा व्हावीत आणि एक मोठी हिरवी जागा रिकामी राहावी. सर्व पाकळ्या एकाच दांड्यातून आल्यामुळे त्या तंतोतंत सारख्या असतात. चकती लावताना प्रत्येक फूल वेगळ्या कोनात फिरवावे आणि एखादी पाकळी बोटाने किंचित ताणावी, म्हणजे हा यांत्रिकपणा मोडतो.

कानातल्यांच्या जोडीसाठी २ मिमी जाड हिरवी पट्टी लाटून टाइलवर चिकटवावी, तिच्यावर चकत्या मांडाव्यात, वर बेकिंग पेपर ठेवून रूळ हलक्या हाताने सर्व दिशांनी फिरवावा आणि चकत्या पट्टीत समतल बसल्यावरच आकार कापावा. बोटांचे ठसे राहिले असतील तर मऊ कुंचल्याने किंचित कॉर्नफ्लोअर (मक्याचा स्टार्च) फिरवून ते पुसता येतात. कडीसाठीचे छिद्र कडेपासून निदान ३ मिमी आत पाडावे.

भाजणी

घरी केलेल्या वस्तू तुटतात त्यामागे बहुतेक वेळा अपुरी भाजणी असते. जळण्याच्या भीतीने लोक ओव्हन लवकर बंद करतात. फिमोच्या पाकिटावर ११० अंश सेल्सिअस आणि ३० मिनिटे, प्रीमोच्या पाकिटावर १३० अंश आणि दर ६ मिमी जाडीमागे ३० मिनिटे अशी सूचना असते, तर काटोला सुमारे १५० अंश लागतात. तापमान कधीही ओलांडू नये, परंतु वेळ वाढवल्याने नुकसान होत नाही; योग्य तापमानाला पाऊण ते एक तास ठेवलेली वस्तू अधिक मजबूत होते.

घरगुती ओटीजीच्या बटणावरील आकड्यावर विश्वास ठेवू नये. आतील रॉड तापतात तेव्हा तापमान थोडा वेळ बरेच वर जाते आणि पुन्हा खाली येते, म्हणून थर्मामीटर वस्तूच्या अगदी शेजारी ठेवावा आणि ओव्हन १५ ते २० मिनिटे आधी तापवून तापमान स्थिर झाल्यावरच टाइल आत सरकवावी. टाइल मधल्या खणात, रॉडपासून शक्य तेवढी दूर असावी आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा खोल ट्रे पालथा घालावा. पांढरा रंग थेट उष्णतेने तांबूस होतो, त्यामुळे या केनसाठी हे झाकण अनिवार्य मानावे. मायक्रोवेव्हच्या लहरींवर ही क्ले भाजता येत नाही. कन्व्हेक्शन पद्धत असेल तर चालते.

तापमान बरेच वाढून क्ले जळू लागली तर पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइडचा तिखट, डोळ्यांना आणि घशाला झोंबणारा वायू निघतो. अशा वेळी ओव्हन बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि हवा स्वच्छ होईपर्यंत खोलीबाहेर राहावे. नेहमीच हवेशीर जागेत भाजावे, आणि काम नियमित होणार असेल तर या कामासाठी वेगळा लहान ओटीजी ठेवणे उत्तम.

भाजणी पुरी झाली की नाही हे पाहण्यासाठी त्याच क्लेची २ मिमी जाड पट्टी सोबत भाजावी आणि पूर्ण थंड झाल्यावर वाकवावी. ती कट्कन तुटली तर सर्व वस्तू पुन्हा आत ठेवाव्यात. दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा भाजल्याने काहीही बिघडत नाही. गरम असताना क्ले मऊच लागते, त्यावरून निष्कर्ष काढू नये.

घासणे, चकाकी आणि जोडणी

थंड झालेली वस्तू पाण्यात बुडवून ४००, ६००, ८०० आणि १००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने क्रमाने घासावी. पाण्यामुळे भुकटी हवेत उडत नाही आणि पृष्ठभागावर खोल ओरखडे पडत नाहीत. कडा आणि मागची बाजूही तितक्याच काळजीने घासावी. हातात घेतलेल्या दागिन्याची पारख जाणकार मागूनच करतात. त्यानंतर जुन्या जीन्सच्या कापडावर जोराने चोळले की रेशमी तकाकी येते, आणि चाफ्याला तीच शोभते. काचेसारखी चमक हवी असल्यास पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन व्हार्निशचे दोन पातळ हात द्यावेत. नेलपॉलिश आणि स्प्रेच्या डब्यातील अनेक व्हार्निश क्लेतील प्लास्टिसायझरशी क्रिया करून काही आठवड्यांनी चिकट होतात, म्हणून ती वापरू नयेत.

कानातल्याची मागची टिकली केवळ सुपरग्लूने चिकटवली तर काही काळाने निघते. ती इपॉक्सीने बसवावी किंवा लिक्विड क्लेचा थेंब देऊन वर क्लेचा पातळ थर चढवावा आणि पुन्हा भाजावे.

उरलेला केन प्लास्टिक फिल्ममध्ये गुंडाळून थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा. कागदात ठेवल्यास कागद प्लास्टिसायझर शोषतो आणि क्ले कोरडी पडते. पारदर्शक, कडक पॉलिस्टायरीनचे डबे तर क्लेच्या स्पर्शाने विरघळू लागतात, त्यामुळे तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असलेला पॉलिप्रॉपिलीनचा डबा निवडावा. बंद मोटारीत किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवलेला केन अर्धवट पक्का होऊन कापताना चुरतो. नीट ठेवलेला केन मात्र अनेक महिन्यांनीही कामी येतो. तो हाताच्या उबेत हळूहळू मऊ करावा आणि टोकाची पहिली चकती टाकून देऊन पुढची वापरावी.